पोचल्याचे पत्र : विमान उतरल्याची वेळ कोण लिहून ठेवतो?

आपल्या मंडळातल्या जवळजवळ प्रत्येक घराला न्यूअर्कच्या नाहीतर केनेडी विमानतळाच्या वाऱ्या घडतात. कोणाचे आईवडील येतात, कोणाच्या सासूबाई, कोणाचा एम.एस. करायला निघालेला भाचा. फलकावर "लँडेड" अशी अक्षरे येतात आणि मग खरी वाट पाहणे सुरू होते, कारण माणसे सामान घेऊन बाहेर यायला तास-दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात एक प्रश्न हमखास निघतो : "अहो, पण विमान नक्की उतरलं तरी किती वाजता?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याला एकच उत्तर नाही. चाके धावपट्टीला टेकली ती एक वेळ, विमान गेटला येऊन थांबले ती दुसरी आणि दार उघडले ती तिसरी. या वेळा टिपणारे निराळे आणि टिपण्याची कारणेही निराळी. त्यातली सर्वांत जुनी नोंद म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची, म्हणजे टॉवरमधल्या कंट्रोलरची. ती कशी घडत गेली याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे आणि त्यातले एक मोठे प्रकरण आपल्या शेजारच्या न्यूअर्कमध्येच घडले आहे. म्हणून हा लेख.

विमान वेळेवर आले की उशिरा, हे ठरवण्यासाठी ही वेळ लिहीत असावेत असा आपला समज असतो. मूळ कारण ते नाही. आपल्याकडे कोणी परगावी निघाले की "पोचल्याचे पत्र टाका" असे सांगायची पद्धत होती. त्या कार्डात बातमी काहीच नसे. "सुखरूप पोचलो, काळजी नसावी" एवढाच मजकूर. पण ते आले की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि वेळेत आले नाही तर कोणीतरी चौकशीला निघायचे. कंट्रोलरने लिहिलेली उतरण्याची वेळ म्हणजे असे पोचल्याचे पत्र आहे. "हे विमान पोचले, आता याला शोधायला जायचे कारण नाही," असा तिचा अर्थ.

प्रवाशांना घेऊन ठरलेल्या मार्गाने विमाने नेण्याचा धंदा युरोपात पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० साली जगातला पहिला कंट्रोल टॉवर उभा राहिला. त्या काळचे वैमानिक खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ पाहत वाट काढत. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्सवर, पॅरिसहून लंडनला निघालेले एक विमान आणि लंडनहून पॅरिसला निघालेले दुसरे, अशी दोन विमाने धुरकट हवेत समोरासमोर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून सातही जण गेले. प्रवासी कंपन्यांच्या विमानांची हवेतली ही पहिलीच टक्कर. आकाश मोठे असले तरी वाटा थोड्याच असतात आणि त्या वाटांवर कोण कुठे आहे हे जमिनीवर कोणालातरी ठाऊक असले पाहिजे, हे त्यानंतर सर्वांना पटू लागले.

अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग नावाच्या गृहस्थाला हे काम मिळाले. त्याचे ऑफिस म्हणजे एक हातगाडी. तीत एक खुर्ची, उन्हासाठी छत्री, जेवणाचा डबा, पाणी, दोन निशाणे आणि टिपणे करायला एक वही. एक निशाण "या" म्हणण्यासाठी, दुसरे "थांबा" म्हणण्यासाठी. रेडिओ नाही, रडार नाही, पण वही मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईत जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. मधल्या सव्वासात तासांत, अहमदाबादचा थांबा सोडला, तर विमान कुठवर आले हे जमिनीवरून जाणून घ्यायला काही मार्ग नव्हता. निघाल्याची वेळ आणि उतरल्याची वेळ, मधे सगळी काळजी. त्या काळी जगभर हीच स्थिती होती.

आता न्यूअर्ककडे वळू. हा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. ला गार्डिया व्हायचा होता, केनेडीचा तर पत्ताच नव्हता. त्यामुळे न्यूयॉर्क शहराची बहुतेक प्रवासी विमाने न्यूअर्कलाच येत. हवा स्वच्छ असेपर्यंत ठीक. पण ढग दाटून आले की पाच-सहा विमाने एकाच वेळी न्यूअर्कच्या डोक्यावर येणार आणि प्रत्येक कंपनीला माहिती फक्त आपापल्या विमानांची! शेवटी अमेरिकन एअरलाइन्सच्या अर्ल वॉर्ड यांच्या पुढाकाराने कंपन्यांनी आपापसांत करार केला आणि १ डिसेंबर १९३५ रोजी न्यूअर्कला हवाई मार्गांचे अमेरिकेतले पहिले नियंत्रण केंद्र उघडले. पाठोपाठ शिकागो आणि क्लीव्हलँडला तशीच केंद्रे निघाली आणि ६ जुलै १९३६ रोजी ती तिन्ही केंद्र सरकारने ताब्यात घेतली.

या केंद्रातली सामग्री म्हणजे टेलिफोन, एक मोठा नकाशा, फळा आणि खडू. कंट्रोलरला वैमानिकाशी थेट बोलता येत नसे. वैमानिक रेडिओवरून आपल्या कंपनीच्या माणसाला सांगणार, तो केंद्राला टेलिफोन करणार आणि केंद्रातला माणूस फळ्यावर लिहिणार. उलट निरोपही त्याच वाटेने. वाटेतल्या प्रत्येक ठिकाणासाठी आधी अंदाजे वेळ मांडायची आणि विमान तिथे पोचल्याचे कळले की खरी वेळ. नकाशावर प्रत्येक विमानाचा एक छोटा ठोकळा असे, तो हाताने पुढे सरकवायचा. या ठोकळ्यांना ते लोक "श्रिंप बोट", म्हणजे कोळंबीच्या होड्या, म्हणत. फळ्यावर शेवटची वेळ लिहिली गेली, म्हणजे विमान उतरले, की होडी नकाशावरून उचलायची.

पुढे फळ्याची जागा कागदाच्या पट्टीने घेतली. इंचभर रुंद आणि आठेक इंच लांब अशी ही पट्टी एका खाचेच्या धारकात बसवून कंट्रोलरसमोरच्या चौकटीत लावतात. एका विमानाची एक पट्टी. तीवर विमानाचा क्रमांक, जात, कुठून आले, अंदाजे केव्हा पोचणार, हे सारे ठरलेल्या घरांत लिहिलेले असते. एका कंट्रोलरने दुसऱ्याच्या हाती पट्टी दिली की विमानाची जबाबदारीही गेली. उतरल्याची वेळ लिहिली की ती पट्टी चौकटीतून काढायची आणि दप्तरी ठेवायची.

आम्हा केमिस्ट मंडळींना या पट्टीतली एक गोष्ट फार ओळखीची वाटते. प्रयोगवहीत खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा रेघ मारून खोडायचा, पण वाचता आला पाहिजे, आणि नवा शेजारी लिहायचा. अमेरिकेतल्या कंट्रोलरांच्या नियमपुस्तकातही अगदी हेच आहे. पट्टीवरचे काहीही पुसायचे नाही आणि त्याच्यावर गिरवायचे नाही. आधी काय वाटले होते आणि नंतर काय कळले, दोन्ही राहिले पाहिजे. उद्या काही विपरीत घडले तर तेवढाच पुरावा हाती असतो.

विपरीत घडले म्हणजे काय, याची दोन उदाहरणे सांगतो. २ ऑगस्ट १९४७ रोजी "स्टार डस्ट" नावाचे एक ब्रिटिश विमान ब्युनोस आयर्सहून अँडीज पर्वत ओलांडून चिलीच्या सँटियागो शहराकडे निघाले होते. आत अकरा माणसे. संध्याकाळी ५ वाजून ४१ मिनिटांनी विमानातून मोर्सच्या कडकट्टात निरोप आला की आम्ही ५:४५ ला पोचतो. म्हणजे अवघी चार मिनिटे. ती चार मिनिटे गेली, रात्र गेली, विमान आले नाही. शोध घेतला, काही सापडले नाही. १९९८ साली तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीत दोन गिर्यारोहकांना इंजिनाचे अवशेष दिसले आणि २००० साली अर्जेंटिनाच्या सैन्याच्या मोहिमेने बाकीचे शोधले. ढगांवरून उडताना समोरच्या प्रचंड वाऱ्यामुळे विमान वैमानिकांच्या हिशेबापेक्षा बरेच मागे राहिले होते. पर्वत ओलांडला असे समजून त्यांनी उतरायला सुरुवात केली आणि समोर पर्वतच होता, असा निष्कर्ष निघाला. अंदाजे वेळ आणि खरी वेळ यांत फरक का करायचा, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून दोन विमाने पूर्वेकडे निघाली, एक टी.डब्ल्यू.ए.चे, दुसरे युनायटेडचे. ॲरिझोनातल्या "पेंटेड डेझर्ट" रेषेवर आपण केव्हा पोचू याची अंदाजे वेळ दोघांनी कळवली. दोघांचीही १०:३१. दोघांची उंचीही एकच, २१,००० फूट. हे दोन्ही आकडे कागदावर होते. पण तो भाग नियंत्रणाबाहेरच्या आकाशाचा होता. तिथे एकमेकांना टाळणे हे वैमानिकांचे काम, त्यांना सावध करणे हे कंट्रोलरचे कर्तव्य धरलेले नव्हते. ग्रँड कॅनियनवर दोन्ही विमाने आदळली आणि १२८ माणसे गेली. या अपघातानंतर देशभर आरडाओरड झाली, रडारसाठी पैसा मंजूर झाला आणि १९५८ साली आजच्या एफ.ए.ए.ची स्थापना करणारा कायदा आला. नुसती नोंद पुरत नाही. ती वाचून काही करण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहून ठेवावे लागते.

आंतरराष्ट्रीय नियमांत आज ती जबाबदारी मिनिटांत मोजून दिलेली आहे. विमानाची पोचण्याची अंदाजे वेळ उलटून ३० मिनिटे झाली तरी ते आले नाही, तर "अनिश्चितता" हा पहिला टप्पा सुरू होतो आणि चौकशीला लागायचे असते. विमानाला उतरायची परवानगी दिली आहे, पण उतरण्याच्या अंदाजे वेळेनंतर ५ मिनिटांत ते उतरले नाही आणि रेडिओवरही सापडत नाही, तर "सावधगिरी" हा दुसरा टप्पा. तिसरा टप्पा "संकट" म्हणजे विमान धोक्यात आहे असे धरून धावायचे. या सगळ्या घड्याळांना थांबवणारी एकच गोष्ट, चार आकड्यांत लिहिलेली उतरल्याची वेळ.

चार आकडे म्हणजे तास आणि मिनिटे, तेही कोणत्या घड्याळाचे? आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना मुंबईची जुनी वेळ आठवत असेल. भारताची प्रमाण वेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली "बॉम्बे टाइम" १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. एकाच शहरात गाडीची वेळ एक आणि गावातल्या घड्याळाची दुसरी. टांगेवाल्याला चालेल, विमानाला कसे चालावे? म्हणून जगभरचे कंट्रोलर एकच वेळ वापरतात, पूर्वी ग्रीनिचची म्हणत, आता यू.टी.सी. म्हणतात. समजा हिवाळ्यात न्यूअर्कच्या टॉवरने ०३१० अशी नोंद केली. न्यूअर्कला तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे १० वाजून १० मिनिटे झालेली असतात आणि मुंबईत सकाळचे ८ वाजून ४० मिनिटे. तारखा दोन, घड्याळे तीन, पण नोंद एकच. टॉवरचे घड्याळ या प्रमाण वेळेपेक्षा अर्ध्या मिनिटाहून जास्त चुकता कामा नये, असाही नियम आहे.

आता मूळ प्रश्न : उतरले म्हणजे कोणत्या क्षणी? कॉलेजात टायट्रेशन केलेल्यांना ब्युरेट आठवेल. थेंब थेंब टाकत जायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की "झाले" म्हणायचे. रंग कोणता धरायचा हे आधी ठरलेले नसेल तर दोन विद्यार्थ्यांची दोन उत्तरे येतात. विमानाचेही तसेच आहे. टॉवरच्या दृष्टीने क्षण ठरलेला आहे. चाके धावपट्टीला टेकली ती वेळ. कंपनीला मात्र आणखी वेळा लागतात, कारण वैमानिकांचा आणि सेविकांचा पगार विमान गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या वेळेवर ठरतो. म्हणून कंपन्या चार वेळा टिपतात. गेट सोडले, जमीन सोडली, जमिनीला टेकले, गेटला लागले. पूर्वी वैमानिक या वेळा रेडिओवर तोंडी सांगत. १९७८ साली "एकार्स" ही यंत्रणा आली आणि विमान स्वतःच त्या कळवू लागले. चाकांच्या पायांवर भार पडला की एक स्विच दाबला जातो, पार्किंग ब्रेक लागला आणि दार उघडले की आणखी काही. माणसाच्या हातातले पेन तिथे सुटले.

प्रवाशाला यातली कोणती वेळ लागू? अमेरिकेत १९८७ पासून मोठ्या कंपन्यांना आपला वक्तशीरपणा सरकारला कळवावा लागतो. त्यात गेटला लागण्याची वेळ धरतात आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर समजत नाहीत. चाके टेकल्याची वेळ १९९५ पासून वेगळी कळवावी लागते. त्यामुळे धावपट्टीवरून गेटपर्यंत रखडलेली मिनिटेही आता उघड दिसतात. युरोपात तर पाच मिनिटांवरून खटला झाला. २०१२ साली साल्झबर्गहून कोलोन-बॉनला जाणारे जर्मनविंग्जचे विमान २:४० ऐवजी ५:३८ ला टेकले, म्हणजे उशीर २ तास ५८ मिनिटे. जागेवर थांबले ५:४३ ला, म्हणजे ३ तास ३ मिनिटे. तीन तासांच्या पुढे नुकसानभरपाई २५० युरो. कंपनी म्हणाली, आम्ही टेकलो तेव्हा पोचलो. प्रवासी म्हणाला, मी आतच बसून होतो. ४ सप्टेंबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडण्याची मुभा मिळते ती पोचण्याची वेळ. आत कोंडून बसलेला माणूस पोचला असे म्हणता येत नाही, हे आपल्या आजीनेही सांगितले असते. तेव्हा युरोपमार्गे भारतात जाणाऱ्यांनी दार उघडल्याची वेळ स्वतः टिपून ठेवावी.

आज मोठ्या विमानतळांवर उतरण्याची वेळ बहुतांशी यंत्रेच टिपतात. न्यूअर्कला धावपट्टीवरची प्रत्येक हालचाल दाखवणारे जमिनीवरचे रडार आहे आणि १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित आकाशात विमानाने आपले स्थान स्वतः प्रक्षेपित करणे सक्तीचे झाले आहे. "मी हवेत आहे" की "मी जमिनीवर आहे" हेही त्या संदेशात असते. फोनवर विमानाचा माग दाखवणाऱ्या सेवा हेच संदेश ऐकतात. कागदी पट्ट्या मात्र पुष्कळ टॉवर्समध्ये अजून आहेत. त्यांच्या जागी हळूहळू संगणकाच्या पडद्यावरच्या पट्ट्या येत आहेत. घाई करून सगळे यंत्रावर सोडता येत नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी न्यूअर्ककडे येणारी विमाने सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातल्या केंद्राचे रडार आणि रेडिओ मिनिट-दीड मिनिट बंद पडले होते. अशा वेळी कोणते विमान कुठे होते आणि कोणते उतरले, हे कंट्रोलरच्या डोक्यात आणि त्याच्या समोरच्या नोंदीतच असते.

जिथे टॉवरच नाही अशा छोट्या विमानतळांवर तर जुनी पद्धत तशीच चालू आहे. हौशी वैमानिकाने निघताना आपला बेत नोंदवला असेल, तर उतरल्यावर तो बेत पूर्ण झाल्याचे त्याने स्वतः कळवायचे असते. ते त्याच्यासाठी दुसरे कोणी करत नाही. सांगितलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप आला नाही की विमानतळांवर फोन जाऊ लागतात आणि त्यातूनही पत्ता लागला नाही तर शोधपथके निघतात. त्या पथकांतली माणसेही खराब हवेत, डोंगरांत जीव धोक्यात घालतात. आपल्या मंडळातल्या कोणाची मुले विमान चालवायला शिकत असतील तर त्यांना एवढे जरूर सांगा : इंजिन बंद केल्यावर फोटो, कॉफी, मित्र हे सगळे नंतर. पहिला फोन पोचल्याचा.